खिडकीतून पाय दिसत नाहीत

आमच्या घराण्यात तीन पिढ्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्या. आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत कारकून, वडील कचेरीत दाखले देणारे, आणि मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. हातमोजे, नट-बोल्ट, साबण, फडकी, बूट, जे काही कामगारांना लागतं ते चिठ्ठी घेऊन द्यायचं, हे माझं काम. 'द्यायचं' म्हटलं खरं, पण माझी खरी हुशारी न देण्यात होती. चिठ्ठीवर सही नाही. सही आहे तर तारीख नाही. तारीख आहे तर कार्बन उमटलेला नाही. एखाद्याला एकदाही परत न पाठवता वस्तू दिली तर मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

खिडकी कुणी बांधली कोण जाणे, पण ती बसलेल्या माणसाच्या मापाची होती. म्हणजे माझ्या. बाहेरच्याला कमरेत वाकल्याशिवाय तोंड दाखवता येत नसे. लाईनचा सुपरवायझर सिल्लोडचा, तोंडाचा फटकळ. तो नेहमी म्हणायचा, "क्या साब, तुमारे खिडकीपे आये तो सलाम आपोआप होता." मी वरवर हसण्यावारी न्यायचो. मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग मागच्या वर्षी कंपनीला ग्राहकसेवेचा झटका आला. पुण्याहून एक कोटवाले गृहस्थ आले, त्यांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि सांगितलं, की बाहेर माल विकत घेतो तोच ग्राहक असं नाही. शेजारच्या खात्यातला तुमचा सहकारी, ज्याचं काम तुमच्यावाचून अडतं, तोही तुमचा ग्राहकच. मी मागच्या रांगेत चहात बिस्कीट बुडवत होतो, ते तुटून कपात पडलं. ज्यांना मी वीस वर्षं "आले डोकं खायला" म्हणत होतो, ते एका दुपारीत ग्राहक झाले होते! गृहस्थांनी आमच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. कुणी तक्रार घेऊन आलं की आधी शांतपणे म्हणायचं, "तुमची अडचण मला समजते." आम्ही ते शाळेतल्या पाढ्यासारखं तीनदा म्हटलं.

एवढ्यावर मी काही सुधारलो नसतो. पण शेवटी ते म्हणाले, सहा महिन्यांनी सगळ्यात चांगली सेवा देणाऱ्या खात्याला ढाल मिळेल. झालं! आमच्या घराण्यात कुणाला कधी काही मिळालेलं नव्हतं. आजोबांना एकदा ताकीद मिळाली होती, तेवढीच. मी ठरवलं, ही ढाल स्टोअरलाच येणार.

दुसऱ्या दिवशी मी नवी वही सुरू केली. कोण आलं, किती वाजता आलं, काय अडचण, किती वाजता निकाली. शेवटच्या रकान्यात 'निकाली' लिहून खाली रेघ मारली की जेवल्यासारखं वाटायचं. शिवाय अभिप्रायाचे कागद छापून घेतले. त्यावर तीन तोंडं, एक हसरं, एक गप्प, एक रडकं. ज्याला जसं वाटेल त्याने तशी खूण करायची. लोक खूण करत असताना मी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत बसायचो. आश्चर्य म्हणजे सगळे हसऱ्यावरच खूण करायचे.

त्याच महिन्यात ती कामाला लागली. करमाडकडची, तिशीची बाई. काम ट्रॉलीचं. स्टोअरमधून सुटे भाग ट्रॉलीत भरायचे आणि लाईनवर पोचवायचे, दिवसभर हेच. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. पहिल्या दिवशी बूट घ्यायला आली तेव्हा खिडकीत वाकून आपणहून सांगायला लागली, की घरचे मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असतात, पोरगी त्यांच्यामागं फिरते, शाळा अशी एक नाही. "म्या कायम झाले की पोरीला घेऊन इथंच ऱ्हाणार सायेब. एका शाळंत बसंल. नाय झालं तर परत मेंढरामागं." मी म्हणालो, "बूट किती नंबर?" ग्राहकाशी मुद्द्याचंच बोलावं.

तिला सहा नंबर दिला. चार दिवसांनी आली, "सायेब, आवळतोय." मी म्हणालो, "तुमची अडचण मला समजते," आणि सात नंबर दिला. निकाली. पुन्हा आली. "तुमची अडचण मला समजते." आठ नंबर दिला. निकाली. चौथ्यांदा आली तेव्हा जरा चाचरतच म्हणाली, "आता मागनं निघतोय." आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ओ ताई, हे स्टोअर आहे, बुटांचं दुकान नाही. लहानही होतो, मोठाही होतो, असं कसं? जाड मोजे घाला." वहीत लिहिलं, 'मोज्यांचा सल्ला दिला. निकाली.' मग अभिप्रायाचा कागद पुढे सरकवला. तिने विचारलं, "कुठं करू खूण?" मी मदतीला तत्पर. हसऱ्या तोंडावर स्वतः बोट ठेवून दाखवलं.

त्यानंतर ती बुटासाठी आली नाही. पुसायची फडकी तेवढी न्यायची, आणि जरा जास्तच न्यायची. मी एकदा टोकलंसुद्धा, "एवढी फडकी लागतात कशाला तुम्हाला?" ती फडकी काखेत मारून ट्रॉलीकडे गेली.

सहा महिने सरत आले. प्रोबेशनवरच्या लोकांचे कागद फिरू लागले आणि त्यात नवीन टूम निघाली. त्या माणसाची सेवा जे खातं घेतं, त्याचाही शेरा हवा. म्हणजे ट्रॉलीवाल्या बाईचा ग्राहक कोण? ती माल नेते माझ्या स्टोअरचा, म्हणून मी! सुपरवायझर चहाच्या वेळी म्हणाला, "देखो साब, बाई मेहनती है, पर चाल नै. लाईन खोळंबती. मैं तो अधबीच में हूं. तुम जो लिखेंगे वोच होईंगा." इतका मान मला कधी कुणी दिला नव्हता. मी पेनाची शाई नीट उतरते का ते बघितलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चालीला मंद. ट्रॉली वेळेवर नेत नाही.' सही, तारीख. कार्बनसुद्धा छान उमटला.

आठवड्याने ढालीचा निकाल लागला. स्टोअर पहिलं! टाळ्या, हार, फोटो, सगळं झालं. बायकोने घरी शिरा केला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत मी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि खळ घेऊन बाहेर आलो. म्हटलं, कागद खिडकीच्या बाहेरून, जरा खालीच लावावा. वाकलेल्या माणसाला आधी तोच दिसला पाहिजे. वीस वर्षांत मी माझ्या खिडकीच्या त्या बाजूला क्वचितच गेलो असेन. दार पलीकडून, मी दाराने येणार आणि दाराने जाणार.

कोपऱ्यावरच्या पायरीवर ती बसली होती. बूट काढलेले. बुटांतून माझी फडकी बाहेर लोंबत होती. माझ्याच स्टोअरची, माझ्याच चिठ्ठीवरची, पिवळी. टाच सोलून लाल झाली होती आणि करंगळीजवळ फोड फुटला होता. मला बघून ती दचकली आणि घाईघाईने फडकी आत कोंबायला लागली. "घालते सायेब, लगेच घालते."

"अहो थांबा, थांबा. आठ नंबर दिला होता ना तुम्हाला?"

"सहाचा, साताचा पंजाला आवळत व्हता. आठचा पंजाला बसला, पन लांबीला लई होतोय. मग मागं फडकी कोंबते. चालताना गोळा होत्यात." तिने पाय पुढे केला. पाय आखूड, आणि पंजा असा पसरलेला की बोटं सुटी सुटी. "मेंढरामागं अनवानी चालून असा झालाय. त्यो तुमच्या नंबरात कुठं बसनार?"

चूक आपली असली की मला आधी राग येतो, हा माझा जुना रोग आहे. मी ओरडलोच, "मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं व्हतं की. तीन डाव." तिचा आवाज जराही चढला नाही. "तुमी लिहून घेतलं."

माझ्या हातातली खळ शर्टावर सांडली. वीस वर्षं मी लोकांना बूट देत होतो आणि एकाचाही पाय बघितला नव्हता. खिडकीतून दिसायचं ते वाकलेलं तोंड आणि चिठ्ठीचा हात. मला लाज वाटली, आणि लगेच त्याच्या मागोमाग आठवलं, 'चालीला मंद.' हिला मंद मी केलं होतं, आणि मंद म्हणून सहीनिशी लिहूनही मीच दिलं होतं. कायम झालेल्यांची यादी उद्या, शनिवारी लागणार होती.

मी तसाच, खळीच्या शर्टाने, एचआरच्या टेबलाकडे धावलो. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हटलं, बाई गं, माझा एक शेरा चुकलाय, तो परत दे. ती कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, "काका, अभिप्राय निकाली निघालाय. आता बदलायचा तर नवी विनंती टाका. दोन दिवसांत उत्तर येईल."

"अगं, यादी उद्या आहे!"

ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमची अडचण मला समजते."

आई शपथ सांगतो, त्या वाक्याइतकं चीड आणणारं वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. आणि ते मी सहा महिने दिवसातून वीसदा लोकांच्या तोंडावर मारत होतो. तिचं टेबल बसक्या उंचीचं होतं. मी वाकून, कमरेला हात लावून, तिच्याशी अजिजीने बोलत होतो. सलाम आपोआप होत होता.

शेवटी मी तिथूनच कोरा कागद मागून घेतला आणि थेट मॅनेजरांच्या नावाने लिहिलं, की बाई मंद नाहीत, स्टोअरने चुकीचे बूट दिले, तीन वेळा सांगूनही दिले, तरी माझा शेरा रद्द धरावा. सुपरवायझरला गाठून त्याचीही सही घेतली. त्याने वाचलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "साब, ये तो खुदच्या पायावर धोंडा है." मी म्हटलं, "हौ. सही करो."

मॅनेजरांनी कागद वाचून एवढंच विचारलं, "मग ती ढाल कशाबद्दल मिळाली तुम्हाला?" मी शर्टावरची वाळलेली खळ नखाने खरवडत बाहेर आलो.

दुपारी मी इंडेंटचं, म्हणजे मागणीच्या चिठ्ठ्यांचं, पॅड घेऊन तिच्याकडे गेलो. मापासाठी पाय आखून हवा होता. मी खाली बसलो तशी ती मागे सरकली, "अवो सायेब, तुमी वडीलधारे. पायाला हात नका लावू." मग तिनेच पेन घेतलं आणि चिठ्ठीवर पाय ठेवून रेघ ओढली. पण पंजा चिठ्ठीत मावेना, दोन्ही बाजूंनी बाहेर. शेवटी दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या तेव्हा कुठे पाय पुरा झाला. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. ते माप घेऊन मी बूट पुरवणाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "रुंद पंजाचे येतात की साहेब. तुम्ही आजवर मागितलेच नाहीत."

शनिवारी यादी लागली. तिच्या बरोबरीचे सगळे कायम झाले. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'तीन महिने मुदतवाढ.' नाव कापलं गेलं नाही, एवढंच. तिने यादी एका बाईकडून वाचून घेतली, मान हलवली आणि ट्रॉलीकडे गेली. मला वाटलं होतं, निदान शिवी तरी देईल.

नवे बूट पुढच्या आठवड्यात आले. तीन महिने ती अशी चालली की सुपरवायझर तक्रार करायला लागला, माल लाईनच्या आधीच येऊन पडतो म्हणून. ती कायम झाली. पोरीचं नाव करमाडच्या शाळेत घातलं, पण तोवर पहिली सहामाही बुडाली होती, ती काही मला परत देता आली नाही.

ढाल यंदा कॅन्टीनने नेली. खिडकी मी फोडून उंच करून घेतली. आता उभ्याने काम करतो, गुडघे दुखतात, आणि कुणी बूट मागितला की दाराने बाहेर येतो. अभिप्रायाचे कागद मात्र चालू आहेत. फक्त माणूस खूण करायला लागला की मी पाठ फिरवून रॅककडे बघतो.

परवा ती साबण घ्यायला आली. मी साबण दिला, कागद दिला आणि पाठ फिरवली. जरा वेळाने मागून आवाज आला, "बघा बरं सायेब, आता बरूबर भरलंय का?"

मी वळून बघितलं. ते साबणाबद्दल नव्हतं. वर जागा होती तिथं तिने बुटाचं चित्र काढलं होतं, लहान पोरं काढतात तसं, आणि खूण, तेव्हा मी बोट ठेवून दाखवलेलं हसरं तोंड सोडून, रडक्या तोंडावर होती.

"बरोबर भरलंय," मी म्हणालो.