बुटांतला कापूस
वडील गेल्यावर त्यांची फौजेतली ट्रंक उघडली आणि बूटपॉलिशचा वास आला. मला आई नव्हती. सुट्टी संपली की वडील मला राळेगावला आत्याकडे ठेवून जात. एका वर्षी भाव पडल्यानं न विकलेला कापूस आत्याच्या घरात आढ्याला टेकला होता. वडिलांनी माझे नवे, मापापेक्षा मोठे बूट चमकवले आणि पुढच्या टोकात कापूस कोंबला. "पाय वाढला का थोडा काढत जाजो. सारा निघाला का मी आलोच समज." वर्षभरानं सारा कापूस निघून बूट नेमके बसले, तेव्हाच सुट्टी रद्द झाल्याचं त्यांचं पत्र आलं. मी कापूस पुन्हा भरला. "अवं पोरी, बोटं दुखतीन ना!" आत्या ओरडली. "माहा पाय वाढलाच नाही अजून," मी म्हटलं. आज ट्रंक बंद करताना माझ्या पायाची बोटं आपोआप आखडली.