गडूत हात न घालणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याला सगळी गल्ली ‘थांबा’ म्हणायची. काहीही विचारा, तो आधी म्हणणार, थांबा, आणि मग कान खाजवत बसणार. त्याच्या बहिणीशी माझं लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी गमतीनं त्याला विचारलं, काय रे, भाऊजी पसंत आहेत ना? तेव्हाही थांबाच म्हणाला. त्याचं उत्तर अजून यायचंय. तर असा हा माणूस आम्हां सगळ्यांच्या पुढं निघून गेला, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत पुरतं बरं झालेलं नाही.

आमची गल्ली वेताच्या खुर्च्या विणणाऱ्यांची. आठ दुकानं, सगळे एकमेकांचे सोयरे, आणि सगळ्यांचं मिळून एकच प्रार्थनाघर. तिथं तांब्याचा एक गडू होता, अरुंद तोंडाचा. धंद्यात काही नवं करायचं झालं की आपल्या हातानं दोन चिठ्ठ्या लिहायच्या, ‘हो’ आणि ‘नाही’, गडूत टाकायच्या आणि डोळे मिटून एक उचलायची. जे येईल ते देवाचं म्हणणं. वेत कुणाकडून घ्यायचा, दाराला रंग कुठला, सगळं गडूला विचारून. माझ्या सासऱ्यांनी तर नवा चष्मा करू का असंही विचारलं होतं. ‘नाही’ आलं. शेवटपर्यंत जुन्याच चष्म्यातून विणत राहिले बिचारे. वीण तिरकी जायची, पण हूं की चूं केलं नाही.

मलाही एकदा एक गोष्ट सुचली होती. बैठक फाटली की गिऱ्हाईक अख्खी खुर्ची उचलून आणायचं. मी एक खुर्ची अशी केली, की खालचे चार स्क्रू काढले की नुसती बैठक हातात येते. काखेत मारून आणा, विणून घेऊन जा. मोठ्या हौसेनं गडूत हात घातला. ‘नाही’. खुर्ची माळ्यावर गेली, वर गोणपाट. हे फक्त बायकोला ठाऊक.

आणि अकरा वर्षांनी थांबानं स्वतःच्या डोक्यानं तशीच्या तशी खुर्ची करून दुकानाबाहेर मांडली.

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला प्रार्थनेनंतर उभं केलं. गडूला विचारलंस का? मला मनातून गुदगुल्या होत होत्या, म्हटलं, आता सापडला. त्यानं कान खाजवला.

“थांबा,” तो म्हणाला, “यापुढे मी गडूत हात घालणार नाही. प्रार्थनेला येईन, रोज येईन. पण बैठक सुटी करू की नको, हे देवाला विचारायची मला लाज वाटते. त्यानं डोकं दिलंय, ते न वापरता परत केल्यासारखं होतं.”

गल्लीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तरी तो यायचा आणि पहिल्या बाकावर बसायचा. पाच जणांच्या बाकावर एकटा. मी मागून त्याची मान बघायचो. ताठ होती. मला बघवायची नाही. त्याच्या दुकानापुढं गिऱ्हाईकं बैठका काखेत मारून उभी असायची, तीही बघवायची नाहीत. त्यात बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, “तुमचीच ना हो ती खुर्ची?” एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी भांडी फार वाजली.

एका दुपारी प्रार्थनाघर रिकामं बघून मी गडूला विचारलं, थांबाचं दुकान बुडेल का? ‘नाही’. हात नीट गेला नसेल म्हणून पुन्हा घातला. ‘नाही’. तिसऱ्यांदा डावा हात घातला. तेच. देवाला हसू आवरत नसणार. पायरीवर येऊन बसलो तर मलाही आवरेना.

तसाच घरी गेलो, माळ्यावरची खुर्ची झटकली आणि त्याच्या दुकानात नेऊन ठेवली. तो भिजलेला वेत निवडत होता. हात पुसून त्यानं ती उलटी केली, चारही स्क्रू काढले, परत बसवले.

“भाऊजी, ही माझ्या आधीची आहे.”

“अकरा वर्षं. मला ‘नाही’ आलं होतं.”

“मलाही ‘नाही’च आलं होतं,” तो म्हणाला. “चिठ्ठी हातात धरून बसलो. बघतो तर अक्षर माझंच.”

माझ्याही चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं. मी फक्त वाचून घरी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी गडूकडे न फिरकता मी ती खुर्ची माझ्या दुकानाबाहेर मांडली. पहिलंच गिऱ्हाईक तिच्याभोवती फिरून म्हणालं, “मेहुण्याचं बघून केलीत वाटतं? जमलीय हो.” मी चार स्क्रू काढून बैठक त्याच्या हातात दिली.

पहिल्या बाकावर आता आम्ही दोघं बसतो. तो अजून माझ्यापेक्षा ताठ बसतो.