प्रमिला सिस्टरचा दुसरा प्रश्न

"पेशंट पिऊन आलाय का?" हा प्रश्न प्रमिला सिस्टर कधी विचारतच नसत. विचारून उपयोग काय? दारूबंदीचं दुसरं वर्ष. पिणं गुन्हा, आणि आपल्या लोकांना गुन्ह्यापेक्षा अब्रूची धास्ती मोठी. तोंडावर खोटं बोलतात मेले!

त्या दुपारी जामबागच्या प्रतापरावांनी मुलाला, हिम्मतरावला, कोठी भागातल्या नर्सिंग होममध्ये बेशुद्ध आणलं. पस्तिशीचा कारकून. तोंडाला वास नाही, ताप नाही, शुगर ठीक. पण श्वास खोल आणि भराभर, डोंगर चढून आल्यासारखा. बाहुल्या मोठ्या झालेल्या, बॅटरी मारली तरी हलेनात. डॉक्टर मकरंदांना मेंदूत रक्तस्राव वाटला.

"दारू? आमच्या सात पिढ्यांत नाही!" कुणी विचारायच्या आतच प्रतापराव गरजले. सून त्रिवेणी पदराचं टोक चावत उभी.

सिस्टरना ते खटकलं. पाणी द्यायच्या निमित्तानं त्यांनी तिला बाजूला घेतलं. "अगं, सकाळी ह्याला दिसत कसं होतं?"

त्रिवेणीला रडूच फुटलं. "उन्हात बसून म्हणाले, लाइट का नाही लावला? सगळं दुधासारखं पांढरं, धूसर दिसतंय म्हणे. काल फर्निचरवाल्या दोस्ताकडे बसले होते. मामंजी म्हणाले, दवाखान्यात बोलायचं नाही."

पॉलिशचं स्पिरिट! दारू म्हणून प्यायलं की आधी डोळे खातं, मग जीव. पूर्वी एक पॉलिशवाला असाच आला होता, पांढरं दिसतंय म्हणत. तो वाचला नव्हता. सिस्टर डॉक्टरांकडे धावल्या.

डॉक्टरांनी सोड्याची सलाइन लावली, डायलिसिससाठी फोन फिरवला. "तोवर उतारा म्हणजे चांगली दारूच, मोजून, नळीनं; तीच त्या विषाला अडवते. आपल्याकडचं औषधी अल्कोहोल संपलंय. आता आणायची कुठून?"

 मग प्रतापरावांनी मान खाली घातली. "आणतो," म्हणाले.

अर्ध्या तासात आले. दसऱ्याच्या शेल्यात गुंडाळलेली विलायती बाटली, अर्धी संपलेली. म्हणे सात पिढ्या! सिस्टरना हसू नाही, संताप आला. सकाळीच इथं आणून तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या दिवशी हिम्मतराव शुद्धीवर आला. जीव वाचला. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं.

"बाबा, लाइट लावा ना."

प्रतापरावांनी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. म्हातारा भिंतीला धरत उठला, त्यानं भर उन्हात बटण दाबलं.

"लावला, बेटा."