चौदा पत्रे आणि विम्याचा साहेब

माझी लेक छपराच्या कारणावरून पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं नाकारेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच. ती नांदेडला नर्स आहे. उन्हाळी वादळात डोंगरकडा गावातल्या आमच्या घराचे दोन सिमेंटचे पत्रे फुटले, आणि मी ती हकिकत फोनवर वाऱ्याच्या आवाजासकट तिला करून दाखवली. वाहवा मिळेल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "बाबा, त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. फुटल्यावर धूळ उडते अन् छातीत जाऊन बसते. चौदाच्या चौदा उतरवा, तरच मी येते."

"पंचवीस वर्षं त्याच्याखाली झोपलो. मला काय झालं?"

"ते सांगताना तीनदा खोकलात."

पहिला संशय मला जावयाच्या आईवर आला. बाळंतपण सासरीच व्हावं म्हणून तिनंच हे शिकवलं असणार! दुसऱ्या दिवशी मात्र मला आठवलं, घरासाठी कर्ज काढताना बँकेनं घराचा विमा गळ्यात बांधला होता आणि त्याचा हप्ता मी अजून दरवर्षी भरत होतो. त्याच्या कागदासाठी मी ट्रंक उपसली.

वारंगा फाट्यावर झेरॉक्सच्या दुकानात एजंट बसायचा. तो म्हणाला, "काका, वादळ हाय ना? मग सगळं कव्हर हाय."

'सगळं' म्हणणाऱ्या माणसाकडं मी नीट बघून घेतो. घरी येऊन भिंग लावून बारीक अक्षरं वाचली. आग होती, पूर होता, वादळ होतं. ॲस्बेस्टॉस कुठंच नव्हतं. लिहिलं नाही म्हणजे देणार, की लिहिलं नाही म्हणून देणार नाही? दोन दिवस मी त्या कागदाकडं आणि तो कागद माझ्याकडं बघत बसलो.

शेवटी अर्ज टाकला. नुकसान बघायला विम्याचा साहेब येणार असं कळलं आणि बायको कामाला लागली. आमच्याकडं साहेब येणार म्हणजे अंगण झाडून, सडा टाकून, रांगोळी काढायची. तिनं फुटक्या पत्र्यांचे तुकडेही हटवले. असे तुकडे आमच्याकडं कुणाचेच नसतात, मागेल त्यानं न्यावेत. शेजारच्या काकूंनी खुराड्यासाठी मागितले आणि ते गेले.

साहेबांनी चहा घेतला, रांगोळीचं कौतुक केलं आणि विचारलं, "तुटलेला माल कुठंय?"

आमची वरात खुराड्याकडं निघाली. साहेब उकिडवे बसून कोंबड्यांमागच्या तुकड्यांचे फोटो काढू लागले, तशा काकू कमरेवर हात ठेवून आल्या.

"काहून फोटो काढून राहिले? कोंबड्याईचा बी विमा उतरवता का?"

"काकू, पत्र्याचा फोटो आहे."

"मंग बराबर तिकडूनच काढा. माझी तांबडी बुजती. अन् भाऊ, तुमी देलेलं आता वापस मागता का?"

वापस मागितलंच. काकूंना साधा टिनाचा पत्रा दिला तेव्हा कुठं त्या हटल्या.

परत येताना मी हळूच मुद्द्यावर आलो. "साहेब, बाकीचे बारा? तब्येतीला घातक म्हणतात. ते उतरवायचा खर्च?"

"वादळानं फोडलं ते बघू. धड पत्रा घातक आहे म्हणून काढायचा खर्च विमा देत नाही. तो अपघात नव्हे."

"आणि समजा, उद्या पुन्हा वादळ आलं..."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. नंतर छपराकडं पाहिलं. मग शिडी मागवली आणि बाराही धड पत्र्यांचा एकेक फोटो काढला. इतका संशय माझ्यावर आजवर सासऱ्यांनीही घेतला नव्हता. माझ्या मनात काय होतं ते मी सांगत नाही, पण अंगणातल्या पहारीचाही त्यांनी फोटो काढला.

शेवटी दोन पत्र्यांचे पैसे मिळाले. बाकीच्यांचा खर्च मीच केला. लेकीनं सांगितलं तसं आधी पाणी मारलं, मास्क लावले, आकड्यांचे बोल्ट काढून पत्रे अख्खे उतरवले, जुन्या तुकड्यांसकट जाड प्लास्टिकमध्ये बांधले. कुठं टाकायचे म्हणून ग्रामपंचायतीत विचारलं, तर तिथले म्हणाले, "मास्तर, फुकट माल काहून देता? काय गडबड हाय?"

लेकीला फोन लावला. "उतरवले. आता ये."

"माझा नुसत्या शब्दावर विश्वास न्हाई. व्हिडिओ लावा."

मी फोन वर धरला. नुसत्या वाशांमधून निळं आभाळ दिसत होतं.

"अहो बाबा! छप्परच न्हाई तर पोटातलं लेकरू घेऊन येऊ कुठं?"

नवे पत्रे चढायला आठवडा गेला. ती आली तेव्हा उंबऱ्याबाहेर थांबून तिनं मान वर केली, एकेक पत्रा मोजला, भिंतीवरून बोट फिरवून धूळ आहे का पाहिली. तोवर जावई बॅगा धरून उभा. मग लेकीनं चपला काढल्या आणि आत येत म्हणाली, "आता तुमच्या खोकल्याचं बघू. उद्या दवाखान्यात जायचं, अन् नाटक न्हाई."