अत्तार मॅडमचं नाणं

अत्तार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नाणं उडवत होत्या. रविवारची सकाळ होती, नऊला पाच कमी. मंडईमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. साठी ओलांडलेली, बारीक चणीची एक बाई चष्मा कपाळावर ढकलून टेबलाशी बसली होती. जुना, जाड एक रुपया अंगठ्याने उडवायचा, तळहातावर झेलायचा आणि शेजारच्या डायरीत रेघ ओढायची, असं त्यांचं चाललं होतं. मी दारात उभी. वर न बघताच त्या म्हणाल्या, "बसा. चार झालेत, सहा राहिलेत."

मला वाटलं, मला शिकवायचं की नाही हे बाई नाण्यावर ठरवताहेत. स्टॅटिस्टिक्समध्ये मी तोवर दोनदा आपटले होते, त्यामुळे आता नाण्याकडूनही नापास व्हायची माझी तयारी होती. दहाव्यांदा नाणं पडलं. त्यांनी डायरीत तारखेपुढे 'छापा ६' असं लिहिलं, चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"हं. किती वेळा नापास?"

"दोनदा."

"प्रश्नपत्रिकेला ते माहीत नसतं. आपणही तिला सांगायला जाऊ नये."

मी वाघोलीची. नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कंत्राटावर होते. आमच्याकडे दुचाकीच्या चाकात बसणारे बुश बनतात, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या नळ्या. नोकरी करत मी बाहेरून पदवी करत होते. बाकी सगळे विषय सुटले, हा एकच अडकला आणि ही त्याची शेवटची संधी होती. पदवी हातात आली की आमचे जाधव साहेब मला कायम करून घेणार होते. नाही आली तर कंत्राट संपल्यावर मी घरी. एवढं सगळं मी एका दमात सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून रोज दहा वेळा नाणं उडवा. चहाच्या आधी."

घरी हे सांगितल्यावर वडील हसून हसून बेजार झाले. "त्यापायी एवढ्या लांब जाती व्हय? नाणं तर म्या बी शिकवलं असतं."

मॅडम स्वतः तेवीस वर्षं हे करत होत्या. कॉलेजात शिकवत असताना सुरू केलं आणि निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. रोज दहा वेळा, छापा किती, एवढीच नोंद. त्यांच्या कपाटात अशा डायऱ्यांची चळत होती. एका रविवारी आम्ही गेलो तर टेबलावर पेढे. "काल दहाच्या दहा छापा," मॅडम म्हणाल्या. कुणीतरी विचारलं, "शुभशकुन असतो का हो तो?" मॅडमनी त्या मुलीकडे दयेने पाहिलं. "तीनेक वर्षांतून एकदा यायचाच असतो. आला. घरी आलेल्याचं तोंड गोड करू नये का?"

आम्ही सहासात जण होतो, सगळे नोकरी करणारे आणि सगळे कधी ना कधी नापास झालेले. गणित वाचलं की आमचे हात थेट कॅल्क्युलेटरकडे जायचे. मॅडमचा आवाज यायचा, "पेन खाली. आधी हे कुणाच्या घरातलं, ते सांगा." त्यांच्या लेखी प्रत्येक वितरण, म्हणजे आकडे पडण्याची एकेक रीत, हे एकेक घर होतं. बायनॉमिअलचं घर शिस्तीचं. प्रयत्न किती ते आधी ठरलेलं, उत्तर हो किंवा नाही, आणि एकाचं झालं त्याचा दुसऱ्यावर परिणाम नाही. पॉयसाँच्या घरात पाहुणे न सांगता येतात, आपण फक्त तासाभरात किती आले ते मोजायचं. नॉर्मलचं मोठं एकत्र कुटुंब, बहुतेक सगळे मधल्या खोलीत, कडेच्या खोल्यांत एखाददुसरा. घराचं नाव आणि ते का, हे एका वाक्यात मराठीत लिहिल्याशिवाय सूत्राला हात लावायची परवानगी नव्हती. "सूत्र कुठे पळून जात नाही. पान नंबर चौऱ्याण्णव. चुकीच्या घरात शिरलात तर मात्र चहासुद्धा मिळणार नाही."

सराव पुस्तकातून क्वचितच व्हायचा. हिवाळ्यात त्या मंडईतून मटार आणायच्या आणि प्रत्येकापुढे शेंगांचा ढीग ठेवायच्या. शेंगेत दाणे किती, ते मोजायचे, फळ्यावर लिहायचे, आणि तासाभरात आमच्या डोळ्यांसमोर नॉर्मलचा उंचवटा उभा राहायचा. मॅडमचे दोन किलो मटारही सोलून व्हायचे, हे आमच्या पुढच्या वर्षी लक्षात आलं. पॉयसाँसाठी त्यांचा धाकटा भाऊ रशीदभाई यांचं बुधवार पेठेतलं विजेच्या सामानाचं दुकान होतं. तिथे कोपऱ्यात स्टुलावर बसून दर दहा मिनिटांत किती गिऱ्हाइकं आली ते लिहायचं. रशीदभाई वैतागायचे. "आपा मोजायला पाठवते सगळ्यांना. एखाद्याला बल्ब घ्यायला पण पाठव म्हणावं."

मॅडम कधी कुणाचं कौतुक करत नसत. उत्तर बरोबर आलं तर "हं" आणि चुकलं तर "असं?" या दोन शब्दांवर आमचा रविवार बरा किंवा वाईट जायचा. मला त्यांची भीती वाटायची आणि तरीही मी वाघोलीहून दोन बस बदलून वेळेआधी पोचायचे.

पुढचा धडा बायनॉमिअलच्या सरावाचा होता. "पुढच्या रविवारी आपापल्या कामातले शंभर आकडे आणा," मॅडम म्हणाल्या. मी मनातून खूश झाले, कारण माझं कामच बायनॉमिअल होतं. दर तासाला वीस बुश उचलायचे, गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, घालून बघायचे आणि किती बाद झाले ते रजिस्टरमध्ये लिहायचं. सरासरी विसात एक. मी रजिस्टरमधले शंभर आकडे सुंदर अक्षरात उतरवून नेले.

मॅडमनी कागद घेतला. पेन्सिलीने शून्यांखाली टिंबं देत गेल्या, मग दोनांखाली. मग बाकीच्यांना गणितं दिली आणि मला आतल्या खोलीत बोलावलं.

"सरासरी बरोब्बर एक आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"शंभरात पस्तीस-छत्तीस वेळा शून्य यायला हवं. तुमच्याकडे चौदा. तीन किंवा जास्त सात-आठ वेळा तरी यायला हवं. तुमच्याकडे एकदाही नाही." त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "खऱ्या आकड्यांना इतकी शिस्त नसते. हे मोजलेले नाहीत, लिहिलेले आहेत."

खरं होतं ते. सकाळचे दोन-तीन तास मी मोजायचे. मग माल गाडीत चढवायची घाई सुरू व्हायची, आणि उरलेल्या तासांचे आकडे संध्याकाळी चहा पिता पिता भरून टाकायचे. एक, एक, शून्य, एक, दोन, एक. विभागात सगळेच तसं करायचे. मला शिकवलंच तसं होतं. शेजारच्या टेबलावरचे पवार म्हणायचे, "भरून टाक गं. कोण बघतंय?" त्यात काही खोटं आहे असं मला वाटतच नव्हतं, म्हणून तर मी तेच आकडे मिरवत शिकवणीला घेऊन गेले होते.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "हा बुश बसतो कुठे?"

"पुढच्या चाकात."

"आणि त्या गाडीवर बसतं कोण?"

माझे वडील तीच गाडी चालवायचे. मॅडमनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "फाडू नका. ठेवा. आता शंभर खरे आणा. वेळ लागू दे."

दुसऱ्या दिवसापासून मी दर तासाला वीस बुश खरोखर गेजमध्ये घालू लागले. पवारांनी थट्टा केली, गाडीवाल्यांनी शिव्या घातल्या. शून्य खूप यायला लागले, मध्येच एकदा तीन आले आणि मला उगाचच आनंद झाला. नवव्या दिवशी दुपारी विसात चार बाद निघाले. मॅडमचं सांगणं आठवलं, "एकदा जास्त आलं तर घाबरू नका, पुन्हा मोजा. लागोपाठ आलं तर समजा, घर बदललंय." पुढच्या तासाला पाच आले.

मी जाधव साहेबांकडे गेले. मशीन थांबवलं. कापणारं हत्यार झिजलेलं निघालं आणि गाडीत चढलेला दोन दिवसांचा माल उतरवून पुन्हा तपासावा लागला. साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "चांगलं पकडलंस. मग आधीच्या सहा महिन्यांत तीनसुद्धा इतके क्वचित कसे गं तुझ्या रजिस्टरात?"

काहीबाही सांगून सुटता आलं असतं. नशीब म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "साहेब, तेव्हा मी मोजत नव्हते. भरत होते."

मला पत्र मिळालं. कंत्राट वाढवलं, पण कायम करायचं एक वर्ष पुढे ढकललं. पवारांना आणि बाकीच्यांना ताकीद मिळाली आणि ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या रविवारी मी नवे शंभर आकडे आणि ते पत्र घेऊन मॅडमकडे गेले. आकडे आधी दिले, पत्र सगळे निघून गेल्यावर दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग वही मिटून स्वयंपाकघरात गेल्या आणि ताट वाढून आणलं, मटारची उसळ आणि गरम चपात्या.

"आज गणित नाही. जेवा."

मी पहिला घास घेतला आणि मला रडू फुटलं. मॅडम समोर बसून राहिल्या. चपाती संपली की दुसरी वाढत होत्या. त्या शिकवणीत त्यांनी मला काही दिलं असेल तर हे आधी, असं मला आजही वाटतं. निघताना जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे नवे शंभर बघितले. तीन आणि त्यावरचे मिळून नऊ. हं."

परीक्षेत बायनॉमिअलचा प्रश्न आलाच. मी पेन खाली ठेवलं, घराचं नाव लिहिलं, का ते लिहिलं, मग सूत्र. पास झाले. पदवी मिळाली, आणि वर्ष संपल्यावर जाधव साहेबांनी शब्द पाळला. कायम झाल्याचं पत्र घेऊन मी धावत मंडईला गेले. मॅडम नाणं उडवत होत्या. "बसा. सात झालेत," म्हणाल्या. उरलेले तीन व्हायची वाट बघत मी बसले.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. हृदयाचं दुखणं. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा उशाशी डायरी होती आणि मुठीत रुपया. बोलायला दम लागत होता. मी पेढ्यांचा पुडा नेला होता, तो बघून म्हणाल्या, "कशाबद्दल? तुमचे दहाच्या दहा आले का?" मी नाही म्हटलं. "मग उघडू नका." पुडा तसाच राहिला.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास रशीदभाईंचा फोन आला, मॅडम गेल्या. मी दहाच्या तासाचे वीस नुकतेच मोजून लिहिले होते. साहेबांना सांगितलं आणि तशीच निघाले. मॅडमचं घर माणसांनी भरलं होतं. किती जणांना त्यांनी पास केलं होतं, ते त्या दिवशी कळलं. दुपारी त्यांना नेल्यावर बाया आत बसल्या होत्या, आणि संध्याकाळी रशीदभाई परत आले तेव्हा त्यांनी ती डायरी माझ्या हातात ठेवली. "तुम्हाला कळतं यातलं. आम्हाला काय."

मी शेवटची पानं उघडली. अक्षर उतरत गेलं होतं. एका तारखेपुढे होतं, 'सातच वेळा जमले. छापा ३.' दुसऱ्या दिवशी, 'पाचच. छापा ४.' मग शेवटच्या सहा तारखा, प्रत्येकीपुढे तेच दोन शब्द, 'मोजले नाही.'

"म्हटलं, आपा, पाच लिहून टाक," रशीदभाई म्हणाले. "पंचवीस-सव्वीस वर्षं लिहिते आहेस, पाचच्या आसपासच येतं ना. कोण बघतंय? असं बघितलं माझ्याकडे, की मी बाहेर जाऊन उभा राहिलो."

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रजिस्टर उघडलं. मंगळवारचं पान दहाच्या तासापर्यंत भरलेलं, त्याखाली अकरापासून पाचपर्यंत सगळे रकाने रिकामे. पवारांनी मान लांब करून बघितलं. आता ते माझ्याशी बोलतात. चेहरा बघून त्यांना कळलं असावं, कारण हळू आवाजात म्हणाले, "राहू दे, ताई. मी भरतो. एक-एक टाकतो सगळीकडे."

मी त्यांच्याकडून पेन घेतलं. अकराच्या रकान्यात लिहिलं, 'मोजले नाही.' मग बाराच्या. मग एकच्या. पाचपर्यंत सातही रकान्यांत तेच लिहिलं, खाली सही केली आणि सकाळचे पहिले वीस बुश उचलले.