धुरपताआत्याचं लिंबू आणि मास्तरांचं विमान

दिनकरराव मास्तरांनी उभ्या आयुष्यात विमान एकदाच पाहिलं, तेही हैदराबादला, तारेच्या कुंपणाबाहेरून. पण परभणीला परतले ते अशा थाटात, की जणू स्वतःच चालवत आणलं. लगोलग त्यांनी वाचनालयाच्या ओसरीत विमानविद्या मंडळ काढलं. निजामी राज्यात सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी हे ड्रॉइंग मास्तर फळ्यावर पंख काढायचे आणि माणूस उडायला कसा शिकला, त्याची हकीकत सांगायचे. सायकली दुरुस्त करता करता पहिलं विमान उडवणाऱ्या त्या दोन भावांवर आले की त्यांना वेळेचं भान राहत नसे. कारकून, दुकानदार, पाथरीकडचे दोन शेतकरी असे पंधरावीस जण न चुकता येत.

"विमान वाऱ्यावर अन् वजनावर उडतं. नवस अन् दृष्ट ह्यांचं तिथं काही चालत न्हाई," असं मास्तर दर खेपेला बजावत. खरं तर हे ऐकवायचं होतं घरी, धुरपताआत्याला. पण आई गेल्यावर पोखर्णीहून येऊन त्यांना लहानाचं मोठं केलं ते तिनं. तिच्यापुढे बोलायची मास्तरांची काय प्राज्ञा!

मग दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले आणि पोलिसांचे अमीनसाहेब मंडळाकडे संशयानं पाहू लागले. दर शुक्रवारी इतकी माणसं जमतात ती विमानासाठी, हे त्यांना पटेना; सरकारविरुद्ध काही शिजतंय, असा त्यांना वहीम. एके दिवशी ते ओसरीत आले नि म्हणाले, "मास्तर, बातां बहुत हो गये. अगले जुम्मे को उडाके बताओ. नहीं तो मंडळ बंद."

मंडळानं बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद लावून चार हात लांबीचं विमान केलं होतं खरं, पण ते सोडलं की नाक वर करायचं, क्षणभर थबकायचं आणि शेपटीवर आदळायचं. मास्तरांनी पंख वाढवले, शेपटी वाढवली. ते आणखीच जोरात आदळायला लागलं.

शुक्रवार उजाडला. मास्तर अंघोळ करून येतात तो आत्यानं विमानाला हळदकुंकू वाहिलेलं आणि नाकाला काळ्या दोऱ्यानं चांगलं टपोरं लिंबू बांधलेलं.

"आत्या, हे काय केलंस?"

"नवी बैलगाडी सुदिक पूजेबिगर भाईर काढत न्हाईत. हे तर आभाळात जायलंय!"

मैदानात गेल्यावर लिंबू गुपचूप काढून टाकू, असं मास्तरांनी ठरवलं. पण अमीनसाहेब आधीच खुर्ची टाकून बसलेले, आणि कडुलिंबाच्या झाडाखाली आत्या. तिच्या डोळ्यांदेखत तो दोरा कापायला त्यांचा हात धजेना. मंडळी गालात हसत होती. मास्तरांनी डोळे मिटून विमान सोडलं.

ते गेलं! सरळ, संथ, मैदानाच्या पार पलीकडे जाऊन अलगद उतरलं. अमीनसाहेब उठून उभे राहिले. "वाह! लेकिन सुना है, कल तक तो गिरता था. आज क्या किया?"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लिंबाचा गुण, साहेब!"

मास्तर गप्प राहिले असते तर मंडळ चालवायची इजाजत खिशात होती. पण त्यांना राहवेना. त्यांनी लिंबू सोडलं आणि विमान पुन्हा उडवलं. ते धाडकन पडलं. अमीनसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. मास्तरांनी लिंबाएवढ्याच वजनाची काळ्या मातीची गोळी थापून नाकाला लावली. विमान पुन्हा पार गेलं.

"नाक हलकं होतं, साहेब," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं मी वजनावर बोलतोय, अन् चूक मलाच दिसली न्हाई."

अमीनसाहेबांनी खिशातून कागद काढला. "अपनी गलती खुद बताता है, वो क्या बगावत करेगा!" ते हसले आणि तिथंच इजाजत लिहून दिली.

आत्या मात्र खट्टू झाली होती. "मग माझं लिंबू खोटं म्हण की."

"न्हाई आत्या. तुझं लिंबू खरं. माझं गणित खोटं."

पुढच्या शुक्रवारी आत्या ओसरीत पहिल्या रांगेत येऊन बसली. मास्तर त्या दोन भावांची हकीकत सांगत होते, किती वर्षं त्यांची यंत्रं पडत राहिली ते. आत्या ऐकता ऐकता हळहळली.

"इतके दिस पडायलेत बिचारे! त्यांना कुणी आत्या नव्हती का रे?"

सगळी ओसरी हसली. मास्तर मात्र फळ्याकडे वळले आणि पुसलेलाच फळा बराच वेळ पुसत राहिले.