पुजलेल्या पाट्या

अकोल्याच्या प्रयोगशाळेत मी जिवाणूंकडून एक प्रथिन बनवून घेत असे. त्यासाठी त्यांच्या जनुकांत थोडा फेरफार केला होता. या प्रथिनाचा पातळ लेप धातूवर दिला की खाऱ्या पाण्यातल्या क्षारांचा थर आणि शेवाळ चिकटणार नाही, थंड करणाऱ्या यंत्राला वीज कमी लागेल, असा माझा दावा. नुसता दावाच, पुरावा नव्हता. सहा वर्षं माझं बोलणं बहुतेक त्या जिवाणूंशीच व्हायचं. ते उलट बोलत नसत, एवढंच सुख.

पुराव्यासाठी अमरावतीच्या एका शीतगृहात, यंत्राचं पाणी जिथे गार होतं त्या मनोऱ्यात, मी धातूच्या सहा पाट्या टांगल्या. तीन लेपाच्या, तीन कोऱ्या. उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, मग प्रत्येकीवरचा थर खरवडून तोलायचा. माझी नोकरी त्यावरच टिकणार होती. त्या वर्षी संत्र्याला कुणी विचारत नव्हतं, लोक बागा तोडत होते, शीतगृह अर्धं रिकामं होतं. यंत्राजवळ म्हातारे मिस्त्रीकाका तेवढे असत.

दसऱ्याला सुट्टी. खोलीवर एकटीनं बसून करायचं काय, म्हणून सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेले. मनोऱ्याचं दार उघडलं. सहाही पाट्या चिंचेनं घासून लख्ख केलेल्या, वर हळदकुंकू आणि झेंडूची माळ.

"हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं होतं!" मी किंचाळलेच. माझा राग तसा नाकावरच असतो.

"काहून चिडून राहिल्या बाई?" काका गोंधळले. "एवढे दिवस बोट नाही लावलं. पन आज दसरा हाये ना. मीनं माह्ये पाने-हातोडे पुजले, डायवरनं गाडी पुजली. तुमच्या पाट्याच तशा रायल्या होत्या. तुमाले इथं कोनी नाही, मनून मीच घासल्या."

पाच महिन्यांचं काम त्यांनी मायेनं घासून टाकलं होतं.

काकांनी खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या हातावर ठेवली. "घ्या बाई, सोनं."

द्यायला माझ्याकडे एक पान नव्हतं. सोनं द्यावं असं आपलं कुणी इथे असेल, हे निघताना माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.